एक्सरेत हाड वाढलेलं दिसलं, मग ऑपरेशन करावंच लागते का? खांद्याबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत निम्मे खांद्याचेच आहेत. फवारणी संपून वेचणी लागली की दरवर्षी असंच होतं. म्हणून गुडघे आणि कंबरवाल्यांना या वेळी थांबवलंय, पुढच्या अंकात तुमचाच नंबर. नावं नेहमीप्रमाणे काढली आहेत, पत्रं थोडी छाटली आहेत, भाषा मात्र तुमचीच ठेवली आहे.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर साहेब. वय ४७, कास्तकारी, पऱ्हाटी अन् तूर. माहा उजवा खांदा पोळ्यापासून दुखून राहिला. हात वर नेला की मधातच कळ निघते, पूर्ण वर गेला का मंग थोडं बरं वाटते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाई. फवारा मारतानी पंपाचा दांडा याच हातानं मारतो. दोन इंजेक्शनं झाली, पहिल्यानं दीडक महिना चांगलं वाटलं, दुसऱ्यानं काहीच नाई. फिजिओवाल्याकडं पाच दिवस मशीन लावली. एक्सरेत लिहून आलं का अक्रोमियन हुक्ड हाये, टाइप थ्री, अन् हाड वाढलं हाये. एमआरआयमधे शिर सुजली हाये पण फाटली नाई. मोठ्या डॉक्टरनं सांगतलं का दुर्बिणीतून हाड घासून टाकू, दुसऱ्या दिवशी सुट्टी. साळा म्हणते करू नको, बायको म्हणते करून टाका एकदाचं. काय करू जी? (ता. घाटंजी)

उत्तर : दादा, आधी निकाल सांगतो, कारणं मागून. आज ऑपरेशन करू नका. कधीच करू नका असं म्हणत नाहीये, पण तुमच्या पत्रात एक गोष्ट राहून गेलेली दिसते आणि ती झाल्याशिवाय कोणीही तुमच्या हाडाला हात लावू नये असं माझं मत आहे. ती कोणती ते सांगतो.

खवाटा म्हणजे पाठीवरचं चपटं हाड, त्याचं एक टोक वळून पुढे येतं आणि खांद्यावर सपरीच्या छतासारखं झुकतं. हेच ते अक्रोमियन. खाली दंडाच्या हाडाचा गोळा असतो आणि या दोघांच्या मधल्या फटीतून रोटेटर कफचे स्नायू गोळ्याला जाऊन चिकटतात, त्यात सगळ्यात वरचा तो सुप्रास्पिनेटस, तुमच्या रिपोर्टमधे सुजलाय तो हाच असणार. मधे बर्सा नावाची पातळ पिशवी असते, घासू नये म्हणून. ही फट साध्या एक्सरेवर मोजली तर ७ ते १४ मिलीमीटरच्या आसपास भरते, म्हणजे जागा मुळातच कमी. हात बाजूनं साधारण ६० ते १२० अंशांत असतो तेव्हा इथे सगळ्यात जास्त दाटी होते, त्याच्या वर गेला की सुटते, म्हणून तुम्ही म्हणता तसं मधातच कळ निघते आणि वर गेल्यावर बरं वाटतं. लक्षण एकदम नमुनेदार आहे, निदानाबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढच्या उडीबद्दल. १९७२ मधे अमेरिकेतल्या चार्ल्स नीअर या सर्जननी असं मांडलं की हे दुखणं छताच्या पुढच्या कडेला स्नायू घासल्यामुळे होतं, तेव्हा ती कड छाटून टाका. पुढे त्यांचं असंही म्हणणं होतं की रोटेटर कफ फाटण्याच्या ९५ टक्के केसेसच्या मुळाशी हे घासणंच असतं. १९८६ मधे बिग्लियानी आणि त्यांच्या सोबत्यांनी अक्रोमियनचे तीन आकार सांगितले, सपाट, वळलेलं आणि आकड्यासारखं, तुमच्या रिपोर्टातलं टाइप थ्री हुक्ड ते तिथूनच आलंय. त्याच दशकात हे काम दुर्बिणीतून व्हायला लागलं, जखम लहान, सुट्टी लवकर, मग काय, जगभर हाडं घासली गेली. मनाला पटणारी गोष्ट होती ना, हाड टोचतं तर हाड काढा.

पण दोन भानगडी निघाल्या. एक तर तोच एक्सरे दोन डॉक्टरांना दाखवला तर एक टाइप टू म्हणतो, दुसरा टाइप थ्री, नळीचा अँगल थोडा बदलला तरी आकार बदलून दिसतो. दुसरं म्हणजे वय वाढलं की हाडाचा काटा खूप जणांना वाढतो आणि त्यातल्या कित्येकांना आयुष्यात खांदा दुखत नाही. तुमच्याच डाव्या खांद्याचा एक्सरे काढला तर तिथेही असंच हाड निघायची बरीच शक्यता आहे, आणि तो तर दुखत नाही.

मग ब्रिटनमधे ३२ हॉस्पिटलांत मिळून ३१३ पेशंट घेतले, सगळ्यांना तुमच्यासारखंच दुखणं, स्नायू पूर्ण फाटलेला नाही, व्यायाम आणि इंजेक्शन आधी करून झालेले. चिठ्ठ्या टाकाव्या तसे तीन गट केले. एका गटाचं हाड खरंच घासलं, दुसऱ्या गटात फक्त दुर्बीण आत घालून पाहिलं आणि हाडाला हात न लावता बाहेर काढली, तिसऱ्या गटाचं ऑपरेशनच केलं नाही. पहिल्या दोन गटांतल्या पेशंटांना आपलं हाड घासलंय की नाही ते सांगितलं नव्हतं. २०१८ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. हाड घासलेल्यांत आणि नुसती दुर्बीण फिरवलेल्यांत कामाचा फरक निघालाच नाही. काहीच न केलेल्यांपेक्षा दोन्ही गट किंचित बरे होते पण इतके किंचित की पेशंटला रोजच्या कामात ते जाणवावं असं नव्हतं. त्याच वर्षी फिनलंडमधल्या अशाच अभ्यासात दोन वर्षांनंतरही घासणं आणि नुसतं पाहणं यात फरक दिसला नाही. २०१९ मधे ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे तज्ज्ञांच्या गटानं स्पष्ट शिफारस केली की अशा साध्या दुखण्यात हे ऑपरेशन देऊच नये. आपल्याकडच्या बऱ्याच सर्जनांना हे पटत नाही, त्यांनी बरे झालेले पेशंट डोळ्यांनी पाहिलेले असतात, मीही पाहिलेत. पण ऑपरेशननंतर माणूस तीन महिने पंप उचलत नाही, रोज व्यायाम करतो, आणि त्यातला बरे होण्याचा वाटा कुणाचा, हाडाचा की आरामाचा आणि व्यायामाचा, हाच तर प्रश्न आहे.

आता ती राहिलेली गोष्ट. पाच दिवस मशीन लावणं म्हणजे फिजिओथेरपी झाली असं धरू नका. मशीननं शेक बसतो, दोन तास बरं वाटतं, स्नायूत ताकद येत नाही. रोटेटर कफचं काम काय, तर हात वर जाताना खालचा गोळा दाबून जागेवर ठेवायचा. तो स्नायू थकला की गोळा वर सरकतो आणि छताला भिडतो, मग छत सपाट असो की आकड्यासारखं. छत घासून जागा होईलही, पण थकलेला स्नायू थकलेलाच राहील. म्हणून व्यायाम, किमान १२ आठवडे, आणि फिजिओकडून एकदा हात धरून शिकून घ्या, मग घरी करा, रोज चाळीस किलोमीटर जायची गरज नाही.

थोडक्यात असं. पहिले दोन आठवडे वाकून हात मोकळा सोडून हळू झुलवायचा, दोन्ही खवाटे मागे खाली ओढून पाच सेकंद धरायचे, आणि कोपर अंगाला चिकटवून मूठ भिंतीवर बाहेरच्या बाजूनं दाबायची, हात हलू द्यायचा नाही. पुढे सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधा, कोपर बरगडीला, मधे घडी केलेला दुपट्टा, आणि ट्यूब बाहेर ओढा, हळू सोडा. मग तोंड दुसऱ्या बाजूला करून तीच ट्यूब आत ओढा. दहा दहाचे तीन फेरे, एक दिवस आड. भिंतीवर बोटं चालवत हात वर नेणं रोज. करताना थोडं दुखलं तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते आधीइतकं शांत झालं पाहिजे, नाही झालं तर फेरे कमी करा, बंद करू नका. लोक इथेच चुकतात, दुखलं की बंद, बरं वाटलं की बंद.

आणि पंप. १६ लिटरचा पंप म्हणजे १६ किलो पाणीच झालं, वरून पंपाचं वजन, आणि दांडा मारणारा हात दिवसभर तेच तेच. बॅटरीचा पंप घ्या, नाहीतर या हंगामात फवारा दुसऱ्याला द्या. पंप पाठीवर घेताना जमिनीवरून झटक्यानं उचलू नका, बांधावर नाहीतर बंडीवर ठेवून पट्ट्यात हात घाला. कापसाचं गाठोडं डोक्यावर चढवायला दुसरा माणूस घ्या.

पहिल्या इंजेक्शननं दीड महिना आराम पडला, हे चांगलं चिन्ह आहे, दुखण्याची जागा बरोबर सापडली एवढं त्यातून समजतं. तिसरं मात्र लगेच घेऊ नका, स्टेरॉइड वारंवार त्याच जागी गेलं तर स्नायूचं टोक कमजोर होतं. तीन महिने, फार तर सहा महिने मनापासून व्यायाम करून, काम बदलूनही रात्रीची झोप जाग्यावर येत नसेल तर मग एमआरआय पुन्हा, आणि तेव्हा ऑपरेशनचा विचार मीही करीन. तोवर सेवाग्रामला किंवा नागपूरच्या मेडिकलमधे ऑर्थोच्या ओपीडीत दुसरं मत घ्यायला हरकत नाही. साळा बरोबर म्हणतो, पण वहिनींचंही चूक नाही, पोळ्यापासून घरात तुमचं कण्हणं त्याच ऐकून राहिल्या असतील.

प्रश्न : सर, वय ३१, संत्र्याच्या तोडणीचं काम करतो, सीझनमधे दिवसभर हात वरच. डाव्या खांद्याच्या वरच्या टोकावर बोट ठेवलं तरी दुखते. एक्सरे पाहून एका डॉक्टरनं सांगितलं हाड तुटलं आहे, पण मी कधी पडलोच नाही. दुसरे म्हणाले जन्मापासून जुळलंच नाही. कोणाचं खरं मानू? (ता. वरुड)

उत्तर : भाऊ, न पाहता सांगायचं तर दुसऱ्यांचं. अक्रोमियन लहानपणी अख्खं एक हाड नसतं, दोन तीन तुकड्यांत तयार होतं आणि पंचविशीपर्यंत हे तुकडे जुळतात. साधारण १०० पैकी ८ जणांत एखादा तुकडा जुळतच नाही. याला ओस अक्रोमियाले म्हणतात. बहुतेकांना काही त्रास नसतो, मग कधी कुठल्या कारणानं एक्सरे निघतो आणि कोणी त्याला फ्रॅक्चर समजतं. उजव्या खांद्याचाही एक्सरे काढा, पुष्कळदा दोन्हीकडे असतं, आणि तिथेही तशीच फट दिसली तर फ्रॅक्चरचा विषय संपला. एक्सरे काढताना हात बाजूला करून खाकेतून घेतलेला व्ह्यू मागा, समोरून काढलेल्यात ही फट सहज निसटते.

तुम्हाला मात्र तिथेच बोट ठेवल्यावर दुखतं आणि काम हात वर ठेवून करायचं, म्हणजे तुकडा हलत असावा. खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू याच हाडाला धरलेला असतो, हात वर नेताना तो सुटा तुकडा खाली ओढतो आणि खालचा कफ चिमटतो. इथे हाडाची गडबड खरी आहे, वयाबरोबर वाढलेला काटा नाही.

तरी सुरुवात वरच्या दादांसारखीच, काम कमी, व्यायाम, एखादं इंजेक्शन. तीन चार महिन्यांत फरक नसेल तर ऑपरेशन, आणि कोणतं ते तुकडा केवढा यावर. अगदी टोकाचा लहानसा असेल तर काढून टाकता येतो. मोठा असेल तर काढायचा नाही, कारण डेल्टॉइडची पकडच जाते आणि हातात जोर राहत नाही, तो स्क्रू आणि तारेनं मागच्या हाडाला जोडायचा, कधी कमरेच्या हाडाचा थोडा भाग मधे भरतात. जुळायला काही महिने लागतात आणि स्क्रूचं डोकं कातडीखाली टोचतं म्हणून नंतर काढावाही लागतो कित्येकांना. मला भीती आहे ती वेगळीच, सुटा तुकडा कोणाच्या लक्षातच आला नाही आणि साधं इम्पिंजमेंट, म्हणजे वरच्या दादांसारखं छताखाली कफ घासण्याचं दुखणं, समजून खालून घासला तर तो पातळ होऊन जास्तच हलायला लागतो. म्हणून सर्जनसमोर बसल्यावर हा खाकेतला व्ह्यू टेबलावर ठेवून मगच बोला.

प्रश्न : वय ३८. दोन वर्षांपूर्वी मिस्टरांच्या गाडीवरून पडले, खांद्याला मार लागला. गावात हाड बसवणाऱ्याकडून पट्टी बांधून घेतली. दुखणं गेलं पण हात खांद्याच्या वर जातच नाही, काहीतरी अडते. वेणी घालता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. आता एक्सरे काढला तर बाहेरच्या बाजूचा हाडाचा तुकडा वर सरकून जुळला असं सांगतात. व्यायामानं जाईल का? (ता. आर्वी)

उत्तर : ताई, हाडानंच अडत असेल तर व्यायामानं जाणार नाही, खोटी आशा देत नाही. दंडाच्या गोळ्याच्या बाहेरच्या बाजूला एक उंचवटा असतो, रोटेटर कफ त्यालाच चिकटतो. तो नेहमी गोळ्याच्या माथ्यापेक्षा काही मिलीमीटर खालीच असतो. पडल्यावर तो तुटला तर कफ त्याला वर आणि मागे ओढतो. ताजा असताना ५ मिलीमीटरच्या वर सरकलेला असेल तर बहुतेक सर्जन तो खाली आणून स्क्रू लावायचा सल्ला देतात. तुमचा वर राहूनच जुळला, मग हात वर जाताना तो छताखाली जाऊन अडकतो. वर दादांना ऑपरेशन नको म्हणालो ते तुम्हाला लागू नाही, त्या अभ्यासांतले पेशंट तुमच्यासारखे नव्हतेच.

आता सीटी स्कॅन करा, तुकडा किती वर आणि किती मागे हे त्यातच नीट कळतं, सोबत कफची स्थिती बघायला एमआरआय. थोडाच वर असेल तर दुर्बिणीतून तो उंचवटा घासून बुटका करतात, वरच्या छताची कड थोडी काढतात आणि दोन वर्षांत आखडलेला सांधा त्याच वेळी मोकळा करतात. घासताना कफची पकड थोडी सोडवून परत बांधावी लागू शकते, मग हाताला झोळी जास्त दिवस. खूपच वर असेल तर हाड पुन्हा कापून खाली आणून बसवावं लागतं, ते मोठं काम आहे, जिथे खांद्याची अशी ऑपरेशनं नेहमी होतात तिथेच करा. पूर्वीसारखा शंभर टक्के हात होईल असं कोणी म्हणालं तर जरा सांभाळून, पण वेणी घालण्याइतका वर जाणं ही अपेक्षा वाजवी आहे.

पट्टीवाल्याबद्दल एवढंच, तुम्ही गेलात ते काही जगावेगळं केलं नाही, जवळ तोच असतो. पण खांद्यावर पडल्यावर हात उचलता येत नसेल तर पट्टीच्या आधी एक्सरे, आणि एक्सरे ठीक असूनही दोन तीन आठवड्यांत हात उठत नसेल तर सोनोग्राफी नाहीतर एमआरआय, कारण अशा वेळी कफ फाटलेला असू शकतो आणि तो ताजा असताना शिवलेला बरा.

प्रश्न : आईचं वय ५८, शुगर आहे. डावा हात कोणत्याच बाजूनं जात नाही, पाठीमागे तर अजिबात नाही. एक्सरेत थोडं हाड वाढलंय म्हणून ऑपरेशन सांगितलं. (ता. दर्यापूर)

उत्तर : आईला खुर्चीत बसवा, कोपर कमरेला चिकटवा, काटकोनात वाकवा आणि तुम्ही स्वतः तिचा पंजा हळूच बाहेरच्या बाजूला न्या. दुसऱ्या हाताच्या मानानं खूपच कमी जात असेल, तिनं सगळं ढिलं सोडूनही, तर हे हाडाच्या काट्याचं काम नसून फ्रोझन शोल्डर असायची शक्यता फार मोठी. शुगरवाल्यांत हे जास्त दिसतं. इम्पिंजमेंटमधे पेशंटचा हात दुसऱ्यानं धरून नेला तर जातो, दुखेल पण जातो, फ्रोझनमधे सांध्याची पिशवीच आखडते म्हणून जातच नाही. आखडलेल्या खांद्यात हाड घासलं तर दुखणं तसंच राहून वरून आणखी आखडू शकतो. शुगर आटोक्यात आणा, हळूहळू ताणण्याचे व्यायाम, सांध्यात एक इंजेक्शन, त्यानंतर चार पाच दिवस साखर वाढते ती तपासत राहा. वेळ लागतो, एक वर्ष, कधी दोन, तीनसुद्धा. आणि डावा खांदा आहे म्हणून विचारून ठेवतो, चालताना दुखणं, छातीत जड वाटणं, घाम येणं असं काही असेल तर हाडाच्या डॉक्टरकडे नाही, आधी ईसीजी.

प्रश्न : बाबा वय ५६. गाठोडं उचलताना खांद्यात कट्कन वाजलं तेव्हापासून हात उठत नाही. एमआरआयमधे रोटेटर कफ पूर्ण फाटलेला आणि खाली वाढलेलं हाड. ऑपरेशनची तारीख मिळाली. डॉक्टर कफ शिवणार, हाड घासणार आणि कॉलर बोनचं टोकसुद्धा काढणार म्हणतात. इतकं सगळं लागते का, खर्च योजनेत बसेल का, आणि बाबा पेरणीला उभे राहतील का? खर्रा खातात. (ता. चिमूर)

उत्तर : यांचं ऑपरेशन करा, आणि उगाच लांबवू नका. झटक्यानं फाटलेला कफ जितका उशीर कराल तितका मागे ओढला जातो आणि स्नायूत चरबी भरत जाते, मग शिवायचा म्हटला तरी टोक जागेवर येत नाही.

मुख्य काम कफ शिवणं. हाडात लहान अँकर बसवून त्याच्या दोऱ्यांनी स्नायूचं टोक परत जागेवर बांधतात. शिवताना खालचा काटा घासणं हे सोबतचं काम, काटा खरंच टोचत असेल तर सर्जन तो गुळगुळीत करतो, काही मिलीमीटरचं काम असतं, आणि जास्त घासलं तर अक्रोमियन मोडायची भीती म्हणून जास्त घासायचंही नसतं. कॉलर बोनचं टोक मात्र फक्त एक्सरेत झिजलेलं दिसतं म्हणून काढू नये. बाबांना त्या सांध्यावर बोट दाबून दुखतं का, हात छातीवरून दुसऱ्या खांद्याकडे नेला की बरोबर तिथेच कळ येते का, हे तपासलंय का विचारा. दुखत असेल तर काढणं बरोबर, नाहीतर राहू द्या म्हणा, असं विचारलं म्हणून डॉक्टर रागावत नसतात, आणि रागावले तर रागावू द्या.

भूल पूर्ण देतात, सोबत मानेजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर करतात, त्यामुळे शुद्धीवर आल्यावर हात काही तास मेल्यासारखा वाटेल, घाबरू नका. रात्री तो उतरला की खरं दुखणं सुरू होतं, म्हणून गोळी दुखायच्या आधीच घ्या.

खर्ऱ्याचं दोन कारणांनी सांगतो. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्यांचं तोंड कमी उघडतं आणि भुलीची नळी टाकणं अवघड जातं, हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, टेबलावर कळायला नको. दुसरं, तंबाखूमुळे शिवलेली जागा नीट जुळत नाही. आजपासून बंद, आणि नंतर निदान तीन महिने बंद. बाबा ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे, तरी पुडी लपवून ठेवा.

योजनेचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जे हॉस्पिटल आहे तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड, आधार आणि एमआरआय घेऊन भरती व्हायच्या आधी त्याला भेटा, नेमकं कोणतं ऑपरेशन लिहून जातंय ते पाहा, मंजुरी आधी लागते. अँकरचे पैसे पॅकेजमधे धरलेत की बाहेरून आणावे लागतील हे त्याच वेळी स्पष्ट विचारून घ्या, घोळ नेहमी तिथेच होतो.

पेरणीचं उत्तर नाही असं आहे. झोळी चार ते सहा आठवडे, तोवर हात दुसऱ्यानं हलवायचा, स्वतः उचलायचा नाही. त्यानंतर स्वतः उचलणं, तीन महिन्यांनी ट्यूबचे व्यायाम, आणि वखर, पोतं, पंप हे सहा महिन्यांच्या आत नाही. जानेवारीत केलं तरी जूनमधे बाबा धुऱ्यावर उभं राहून सांगतील एवढंच, काम दुसऱ्याच्या हातानं. नुसतं हाड घासलं असतं तर गोष्ट वेगळी, त्यात झोळी थोडे दिवस आणि जड काम तीनेक महिन्यांत. जखम लाल होणं, पाणी येणं, ताप, यातलं काहीही झालं तर फोन करत बसू नका, नेऊन दाखवा.

प्रश्न : खांदा दुखते, झोपू कसा? मोहाचं तेल चालते का? (ता. कुरखेडा)

उत्तर : उताणं झोपा आणि दुखऱ्या कोपराखाली घडी केलेली चादर ठेवा, म्हणजे हात मागे लटकत नाही. कुशीवरच झोप लागत असेल तर चांगल्या बाजूवर, छातीशी उशी धरून दुखरा हात त्या उशीवर. हात डोक्याखाली घेऊन झोपायची सवय सोडा. तेल चालतं, हलक्या हातानं लावा, हाड घासून निघेपर्यंत रगडू नका.